चहाला ‘चालतंय’ म्हणालो आणि टँकर गेला

मोबाइलवरच्या पोकरमध्ये मी दोन वर्षं जिंकत होतो. खोटी नाणी, खोटी माणसं, पण जिंकणं खरं वाटायचं. त्यामुळे दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या मुकुंदवाडीहून धाकट्या बहिणीचा, वैशालीचा, फोन आला तेव्हा मला चेव चढला. गुरुवारी भाचीचा साखरपुडा घरीच, पन्नास पाहुणे, आणि नळाला पाणी सहा दिवसांनी. बोलता बोलता ती म्हणाली, रविवारी चितेगावला पोकरची स्पर्धा आहे, पैसे-बिसे काही नाहीत, जिंकेल त्याच्या दारात पाण्याचा टँकर. “टँकर मी आणतो!” असं जाहीर करून मी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून एसटी पकडली. नगरमार्गे सहा तास धरा आणि पाण्याच्या बाटल्या पुण्यातूनच भरून घ्या. नेवासा फाट्यावरची मिसळ झणझणीत होती, पण नंतर तहान लागते याचा विचार मी केला नव्हता. कायगावच्या पुलावरून गोदावरी बघायची म्हणून खिडकीशी सरकलो तर खाली नुसती वाळू. संभाजीनगर (तेव्हा पाटीवर औरंगाबाद) मात्र चहूकडे वाढत होतं. मुकुंदवाडीत जिकडेतिकडे नव्या इमारती, आणि खाली टँकरची वाट बघणारी माणसं.

रविवारी दुपारी महानुभाव चौकातून काळीपिवळीने चितेगावला गेलो. जीपमध्ये चौदा जण होतो, त्यामुळे पोहोचेपर्यंत एक पाय कुणाचा होता ते कळत नव्हतं. यजमान शिंदे यांनी शेत न विकता त्यातच पत्र्याची शेड उभारलेली, बोअरला पाणी, टँकर घरचा. पत्ते वाटायला आणि न्यायनिवाड्याला बँकेतून निवृत्त झालेले देशपांडे सर.

“इथं कॉल-बिल कोन म्हणत नाय,” शिंद्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. “समोरच्याएवढं लावायचं तर ‘चाल’ म्हणायचं. तीन पत्तीवानी.”

आता माझी अडचण सांगतो. मोबाइलवर आपली पाळी आल्याशिवाय बटणंच उमटत नाहीत. इथे बटणं नव्हती, तोंड होतं, आणि ते कायम उघडं. पहिल्या तासात मी तीनदा पाळीआधी बोललो. तिसऱ्यांदा सरांनी चष्मा काढला. “साहेब, पाळीआधी बोललेलं हवेत जात नसतं. तुमच्या आधीच्यानं डाव वाढवला तर तुम्ही मोकळे. त्यानं पत्ते टाकले किंवा तेवढंच लावलं, तर तुमचा शब्द पक्का.”

तरीही शेवटच्या तिघांत मी उरलो; बाकीचे दोघे गावातलेच, पाटील काका आणि शेखभाई. इतरांना पत्ते वाईट येत होते, याला मी माझं कौशल्य समजत होतो. मग पाटील काकांनी समोरची चकत्यांची सगळी रास पुढे ढकलली. माझ्याजवळही जेमतेम तेवढीच होती. पाळी शेखभाईंची, त्यांच्यानंतर माझी. माझ्या हातात सत्ती-दुर्री, म्हणजे पोकरमधला कचरा. टाकायचेच होते. तेवढ्यात शिंदे किटली घेऊन आले.

“पाहुणे, गुळाचा चालंल का?”

“चालतंय की!” मी म्हणालो.

“चाल,” सर म्हणाले.

“अहो, चहाला!”

“टेबलावर बोललात. शेखभाई, आता तुमच्यावर आहे.”

शेखभाईंनी डाव वाढवला असता तर मी सुटलो असतो. मी त्यांच्याकडे इतक्या आशेने पाहिलं की मलाच लाज वाटली. त्यांनी हसून पत्ते टाकले. “अपन तो छोड़ दिये. आप चाय पियो भाई, थंडी हो रही.”

पाटील काकांकडे दोन राजे निघाले. दहा मिनिटांत मी शेडबाहेर उभा होतो, हातात गुळाचा चहा. उत्तम होता, हे कबूल करायला हवं.

मुकुंदवाडीला परतताना वाटभर वाक्यं जुळवत होतो. पाहुण्यांना हात धुवायला पाणी नाही आणि कारण मी, हे वैशालीला कसं सांगायचं? शेवटी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती, हातही थांबला नाही.

“अरे, टँकरचा नंबर मी मागच्या मंगळवारीच लावलाय. बुधवारी येतोय.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगणारच होते. तू फोन ठेवलास नं दादा.”

हसलो, पण लागलं. माझ्या भरवशावर ती राहिली नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

साखरपुडा छान झाला. पुण्याला परतल्यावर मोबाइलमधलं पोकर काढून टाकलं आणि तिला फोन केला. “लग्नात मी काय करू? तू सांग.”

तिने आधी मिक्सर बंद केला, मग गॅस. मी फोन कानाला धरून थांबलो. या वेळी मधे बोललो नाही.

“दादा,” ती म्हणाली, “हे तू पहिल्यांदाच विचारलंस.”