जैतूनफुफी आणि सूसचा हम्मू

माझी जैतूनफुफी, म्हणजे अब्बांची बहीण, १९६१ साली रत्नागिरीहून दोह्याला आली, ती अम्मीच्या बाळंतपणासाठी. फुफी तरुणपणीच विधवा झालेली. कामाला वाघीण, पण बोलायची कमी.

माझे अब्बा, फजल, सुतार होते. दोह्याजवळच्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका मळ्यात काम करताना त्यांची तिथल्या माळ्याशी, हम्मूशी गट्टी जमली. हम्मू मोरोक्कोच्या सूस खोऱ्यातला, बर्बर जमातीचा. हजला आला, तिथं भेटलेल्या मळेवाल्याबरोबर कतारला आला आणि इथलाच झाला.

दर जुम्म्याला तो पुदिन्याची जुडी घेऊन जेवायला यायचा आणि मोडक्या हिंदी-अरबीत आपल्या मुलखाचं सांगायचा. एका अंगाला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला उघडेबोडके, मधून नदी. संत्री, बदाम, जव. तारूदान्त शहराला लाल मातीचा कोट. जुन्या सुलतानांच्या काळी तिथली साखर जहाजांनी दूरदेशी जायची. आणि आर्गनची काटेरी झाडं, ज्यांची फळं खायला शेळ्या थेट शेंड्यावर चढतात.

"शेळ्या झाडावर? मग कोंबड्या विहिरीत असतील," अब्बांचे दोस्त कमालचाचा म्हणाले. सगळे हसले. हम्मू मान खाली घालून जेवू लागला.

तेवढ्यात पडद्यामागून फुफीचा आवाज आला. "भाईजान, त्याला सांगा, आमच्याकडे डोलकाठीएवढ्या झाडावर गोड पाणी असतं. ते खरं, तर त्याच्या शेळ्या खोट्या कशा?"

अब्बांनी अरबीत सांगितलं. हम्मूनं विचारलं, "ते पाणी काढायला वर कोण चढतं?"

"माणसं."

"आम्ही शेळ्यांना पाठवतो," हम्मू म्हणाला.

पडद्यामागे फुफी इतकी हसली की तिच्या मांडीवरचं बाळ जागं झालं.

पुढच्या जुम्म्याला हम्मूनं अब्बांकडे फुफीसाठी मागणी घातली. अब्बा काळजीत पडले. "अगो, भाषा नाय, गाव नाय. कसा करशील?"

"भाषा शिकता येते," फुफी म्हणाली. "माणूस बरा हाय."

निकाहच्या दिवशी हम्मूनं परात डफासारखी वाजवत आपल्या गावचा नाच केला. आमच्या मंडळींनी टाळ्यांचा ठेका पार चुकवला, तरी कोणी थांबेना. सर्वांत जोरात वाजवत होते कमालचाचा.

काही वर्षांनी दोघं सूसला गेली. सासूनं फुफीला हाताला धरून थेट चुलीपाशी नेलं. बदाम, मध आणि आर्गनचं तेल एकत्र वाटायला शिकवलं. फुफीनं तांदळाची भाकरी थापून दाखवली. सासूच्या भाकरीचे दर वेळी तुकडे होत. दोघी पिठानं माखून हसत बसल्या, आणि हम्मू बाहेरून विचारत राहिला, "जेवायला कधी?"