कंपनीचा आदर्श मुलगा

माझा भाऊ आदर्श मुलगा आहे. हे मी म्हणत नाही, त्याच्या कंपनीची वेबसाइट म्हणते, आणि तिथे येणारी माणसं खाली लिहूनही जातात. "असा मुलगा प्रत्येक बापाला मिळो." "सर, तुमचा ब्लॉग वाचून ऑफिसात रडू आवरेना." ते वाचताना मलाही काहीतरी आवरेनासं होतं, पण ते रडू नसतं. सरळ शिसारी येते मला.

दादाची कंपनी मोठ्या माणसांचे डायपर बनवते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या घरात ते लागतात, त्यामुळे कोणी त्याला नाकं मुरडली की उलट मीच भांडते. दादा तिथे मार्केटिंगचा साहेब आहे. जीभ त्याची लहानपणापासून चालायची. बाबा आमच्याच शाळेत कवायतीचे मास्तर होते आणि त्यांचाच मुलगा धावण्यात सगळ्यात मागे. पण घरी येऊन शर्यतीचं वर्णन असं करायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, बक्षीस यालाच मिळालं. बाबा हसून म्हणायचे, "पायांचं काम तोंडाने करतोय." रागाने नाही, कौतुकाने म्हणायचे. मुलगा होता ना.

बाबांचं स्वतःचं सगळं पांढरंशुभ्र आणि ताठ. शर्टाला कडक इस्त्री, पाठीला बाक नाही. घरात कोणी आलं तर बनियनवर कधी पुढे यायचे नाहीत, आधी आत जाऊन शर्ट चढवायचे, मग "या, बसा." त्या माणसाची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. बोलणं जड झालं, शब्द तोंडातल्या तोंडात घोळायला लागले. ते मला कळतात. शेजारच्या काकूंना निम्मेशिम्मे कळतात. दादाला अजिबात कळत नाहीत, कारण कळायचं तर समोर बसावं लागतं.

बसतो कुठे तो? रविवारी येतो, खोलीच्या दारात उभा राहतो आणि मोठ्याने ओरडतो, "काय बाबा, कसे आहात?" जसं काही बाबांचे कानच गेलेत. खोलीला वास येतो, हे तो बोलून दाखवत नाही. पण नाक बंद करून तोंडाने श्वास घेत उभा असतो, ते मला दिसतं आणि बाबांनाही दिसतं. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, तेवढा वेळ काकू बाबांजवळ बसतात. बाकी पुसणं, उठवणं, भरवणं, कूस बदलणं माझ्याकडे. त्याचं मला काही नाही. बापाचं करायला कंटाळले असते तर तसं तोंडावर सांगितलं असतं.

मग अचानक दादाचे फोन यायला लागले. संध्याकाळी, निवांत. "आज बाबा कसे होते? नीट सांग गं, घाई करू नकोस." मला वाटलं, सूर्य पश्चिमेला उगवला. चला, उशिरा का होईना, पोटात माया दाटली. मी बापडी सगळं सांगत गेले. डायपर पहिल्यांदा लावायची वेळ आली, त्या दिवसाचंही सांगितलं. बाबा छताकडे बघत म्हणाले होते, "चिमे, दार लाव." घरात आम्ही दोघंच होतो, तिसरं माणूस नव्हतं. तरी मी दार लावलं, कडी घातली. फोनवर हे सांगताना मला हुंदका आला. दादा म्हणाला, "थांब, ते परत सांग. छताकडे बघत म्हणाले का आधी म्हणाले?"

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे एकदा काकू दुपारी फोन हातात घेऊन आल्या, डोळे पुसत. "तुझा भाऊ किती करतो गं वडिलांचं," म्हणाल्या आणि वाचायलाच लागल्या. ब्लॉगचं नाव होतं 'माझं म्हातारं बाळ'. "बाबांनी छताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, बेटा, दार लाव. घरात आम्ही दोघंच होतो. मी दार लावलं. त्या दिवशी मी त्यांचा मुलगा राहिलो नाही, त्यांची आई झालो." आणि याच्या बरोब्बर खाली एक मोठं हिरवं बटण: 'आपल्या बाबांसाठी आजच मागवा. पहिल्या ऑर्डरवर सवलत.'

मी म्हटलं, "काकू, अहो, हे कोण करतं? तुम्ही स्वतः रोज बघता ना?"

"ते खरंच गं," काकू म्हणाल्या. "पण लिहिलंय किती छान."

दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर दादाच्या ऑफिसात गेले. काचेच्या खोल्या, त्यात काचेचीच टेबलं, माणसं कानाला यंत्र लावून एकटीच बोलत बसलेली. एका मोठ्या पडद्यावर आकडे हलत होते. वेबसाइटवर या क्षणी किती लोक आहेत ते म्हणे दिसत होतं. आणि समोरच्या भिंतीवर, माणसाएवढ्या अक्षरांत, रंगवून घेतलेलं: 'बेटा, दार लाव.' खाली कंपनीचं चिन्ह. त्या भिंतीला टेकून दोघं जण कॉफी पीत हसत होते. ज्या वाक्यासाठी मी कडी घातली होती, ते याने रंगाऱ्याकडून भिंतीवर काढून घेतलं होतं.

"दार तू लावलंस?" मी विचारलं. "तू?"

दादा मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेला. "अगं, आवाज कमी. त्यातला 'मी' म्हणजे मी नाही. तो ब्रँडचा आवाज आहे. आधीची वेबसाइट बघितली होतीस? कापूस किती, शोषण किती, मापं कोणती. कुत्रं फिरकत नव्हतं. लोक वस्तू घेत नाहीत, गोष्ट घेतात."

"मग गोष्टीत मला का नाही घातलंस?"

तो खरंच विचारात पडला. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "मुलीने केलेलं कोणी वाचत नाही गं. मुली करतातच. मुलाने केलं की लोक थांबतात."

खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून फोनवर मी एकच सांगायचे, "ठीक आहेत." त्याचं काही अडलं नाही. तो मनाचं लिहायला लागला. ब्लॉगातले बाबा आइस्क्रीम मागू लागले, फुलपाखरं बघून टाळ्या वाजवू लागले, रात्री गोष्ट सांग म्हणून हट्ट धरू लागले. टाळ्या! एक हात निकामी झालेला माणूस. माझ्या ताठ बापाचं त्याने पार लाडोबा करून टाकलं, आणि लोक खाली हृदयं टाकत होते. विक्री वाढली, दादाला बढती मिळाली. आमच्याकडे दर महिन्याला डायपरची खोकी फुकट यायला लागली. ते बाजूने गळतात, हेही सांगून टाकते. ते कुठल्याच ब्लॉगात आलेलं नाही.

मग कंपनीला व्हिडिओ हवा झाला. वेबसाइट उघडली की पहिल्यांदा तोच दिसणार, आदर्श मुलगा आणि त्याचे बाबा. रविवारी दादा कॅमेरावाल्याला घेऊन आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा खोलीच्या आत पलंगापर्यंत आला. अंगाला अत्तर, कडक सदरा.

"बाबा, एक छोटंसं काम आहे," तो म्हणाला. "मी तुम्हाला सूप भरवतो, तोंड पुसतो, एवढंच. हे काका कोपऱ्यात उभे राहतील. मी तुमच्याबद्दल लिहितो ना, लोकांना तुम्हाला बघायचंय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर बाबांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. ते दादाकडे बघत होते. मुलगा इतका जवळ बसल्याला किती काळ लोटला होता, देव जाणे. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

दादाने चमचा दिला. अर्धं सूप आत गेलं, अर्धं लाळेबरोबर उजव्या बाजूने ओघळून त्याच्या बोटांवर आलं. हे रोज होतं, यात काही विशेष नाही. पण दादाने विस्तव लागावा तसा हात मागे ओढला आणि बोटं चादरीला पुसली. एकदा नाही, दोन्ही बाजूंनी घासून पुसली. चेहरा असा झाला होता, की कॅमेरावाला म्हणाला, "सर, जरा प्रेमाने." दादाने परत चमचा भरला, ओठांवर हसू आणलं. पण डोळे, नाक, मान, सगळं मागे मागे चाललं होतं.

बाबांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळवलं. "नाही," म्हणाले. एवढा एक शब्द त्यांचा आजही स्वच्छ निघतो.

दादाने खूप विनवण्या केल्या. मी म्हटलं, "नाही म्हटलं ना त्यांनी? आता ऊठ." तो उठला, आणि जाताना आधी बेसिनवर हात धुवायला गेला. साबण लावून, कोपरापर्यंत. बाबा भिंतीकडे तोंड करून नळाचा आवाज ऐकत होते. मला त्या क्षणी तो इतका ओंगळ वाटला, की बाबांच्या त्या खोलीतली कुठलीच घाण मला कधी तेवढी ओंगळ वाटलेली नाही.

वाटलं, सुटलो. व्हिडिओ बारगळला. कसला बारगळतोय. काही दिवसांनी काकू परत फोन घेऊन आल्या आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्यांनी तो बाबांच्या पुढे धरलासुद्धा.

व्हिडिओत आमच्यासारखीच खोली होती, फक्त स्वच्छ. पलंगावर एक गोरागोमटा म्हातारा, नाटकात कामं करणारा असावा, मान जराशी कलती ठेवून बसलेला. दादा त्याला सूप भरवत होता. म्हाताऱ्याच्या ओठांच्या कडेने थोडं सूप ओघळलं. दादाने ते अंगठ्याने टिपलं. कापडाने नाही, रुमालाने नाही, स्वतःच्या अंगठ्याने. मग तळहात त्याच्या गालावर तसाच ठेवला, कपाळावरचे केस मागे सारले आणि हसला. इतकं मायेचं हसला, की क्षणभर मीसुद्धा फसले. मग वाजंत्री वाजली आणि कंपनीचं नाव आलं.

मी काकूंच्या हातातून फोन ओढून घेतला. माझं डोकं फिरलं होतं. बाबा आता संतापतील, हातपाय आपटतील, त्यांचा रक्तदाब वाढेल, या धास्तीने मी त्यांच्याकडे बघितलं. ते शांत होते. म्हणाले, "परत लाव."

मी लावला. त्यांनी नीट बघितला. "हात," ते म्हणाले. मग बराच वेळ पुढचा शब्द जुळवत राहिले. "हात मागे घेतला नाही."

"तो म्हातारा पगारी माणूस आहे, बाबा. नाटक आहे सगळं."

"कळतं मला," बाबा म्हणाले. "परत लाव."

पुढचा रविवार उजाडला, तसं बाबांनी मला दाढी करायला लावली. इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला, बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. पाठीशी उशा देऊन ताठ बसवायला सांगितलं. मला वाटलं, आज लेकाची हजेरी घेणार. माझ्या मनाला बरंसुद्धा वाटलं. दादा आला, नेहमीसारखा दारात थांबला, ओरडला, "काय बाबा, आज एकदम तयारीत?"

बाबा बोलले. एकेक शब्द ओढून, घाम येईपर्यंत बोलले. दादाला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मला कळलं होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. बाबांनी डाव्या हाताने माझा हात हलवला, सांग म्हणून.

"ते म्हणतात," मी म्हटलं, "पुढच्या व्हिडिओला ते बसतील. कॅमेरा चालेल त्यांना. तू म्हणशील तसं करतील."

दादाचा चेहरा खुलला, मग पडला. तो दारातूनच म्हणाला, "अहो बाबा, आधी सांगायचंत ना. आता नाही जमणार. लोकांना ते व्हिडिओतले काका माहीत झालेत, पुढच्या सगळ्या व्हिडिओंचं त्यांच्याशीच ठरलंय. ब्रँडचा चेहरा मध्येच बदलता येत नाही हो. लोक गोंधळतात."

बाबांनी मान हलवली. कळलं, अशी. एवढं बोलून दमल्यामुळे त्यांच्या तोंडाच्या कडेने लाळ सुटली, हनुवटीवर आली, इस्त्रीच्या कॉलरवर टपकायला लागली. मी कापड घेऊन पुढे झाले. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ओली हनुवटी तशीच वर करून दादाकडे बघत बसले.

दादाने घड्याळात बघितलं. "बरं, निघू मी?" म्हणाला. "आणि चिमे, तोंड पूस गं त्यांचं."