भाऊबंदांचा रोट

"बाई, तुम्ही तठेच थांबा. आज देवीना दिन शे."

अक्का दारात उभ्या होत्या. आमच्या कॉलेजच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे नानांच्या, पत्नी. आवाज चढवला नाही. उलट मायेनेच बोलल्या. माझ्या हातात नारळ होता. शेजारी इतिहासाचे विभागप्रमुख सर होते. सरांनी माझ्या हातातला नारळ घेतला, चपला काढल्या आणि आत गेले. मी ओट्यावर राहिले.

मी माफी मागायला आले होते. माफी आत गेली. मी बाहेर.

श्रावणातला रविवार. घरोघर कानबाई, आमच्या खानदेशची देवी, बसलेली. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. गल्लीतून येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते. नव्या साडीतली बाई, ओट्याच्या कडेला, कशासाठी उभी आहे, हे त्यांना कळत होतं. ह्या भागात ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही बौद्ध. माझं गाव भडगावकडे, गिरणेच्या काठावर. मी इतिहास शिकले, प्राध्यापकीची परीक्षा पास झाले, अमळनेरला खोली घेतली आणि तिथून एसटीने तासाभरावरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते संस्था ठरवणार. म्हणजे वर्षभर मान खाली. मी घातली होती. खोटं कशाला बोलू?

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाला दुसरं महायुद्ध शिकवत होते. विलायतेचा त्या वेळचा पंतप्रधान आणि त्याचा राष्ट्रवाद. मी मनापासून शिकवलं. शहरांवर बॉम्ब पडत होते, शेजारचे देश एकेक करून पडले होते, तरी ह्या माणसाने शरण जायला नकार दिला. नुसत्या शब्दांनी त्याने आपला देश उभा ठेवला. सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. मुलं लिहायचं सोडून ऐकत होती.

मग पुढचं सांगितलं. ह्याच माणसाला हिंदुस्थान स्वतंत्र व्हायला नको होता. त्याच्या लढाईत आपली माणसं मेली. त्याच काळात बंगालात लाखो लोक भुकेने मेले, आणि त्याचं काळीज काही हललं नाही.

खिडकीजवळच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, मंग त्याना राष्ट्रवाद खरा का खोटा?"

असा प्रश्न वर्षातून एखादाच येतो. त्याचं पुस्तकी उत्तर मला येत होतं. पण येताना एसटीत बायकांच्या मांडीवर दळणाचे डबे होते, वर्गातल्या निम्म्या घरांत कानबाईच्या रोटाची, म्हणजे भाऊबंदांनीच मिळून खायच्या नैवेद्याची, तयारी चालली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "खरा. कानबाईच्या रोटासारखा खरा. गहू निवडून घेतलेला, दळण सोवळ्यातलं, रोट मनापासून केलेला. पण भाऊबंदांच्या बाहेर तुकडा द्यायचा नाही."

वर्ग हसला. लख्ख कळलं त्यांना. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमना घर ते लगीन व्हयेल पोरीले बी नई देतस!" आणखी हसू. मग मी म्हटलं, "रोट घराण्याचा आहे. ज्याचा त्याने खावा, माझं काही म्हणणं नाही. पण राष्ट्र घराण्याचं नसतं." तास संपला. मी खूश होते. फार दिवसांनी वाटलं की मी मास्तरीण आहे.

कोणीतरी मोबाईलवर टिपलं होतं. त्यातलं फक्त रोटाचं वाक्य फिरलं. आधीचं नाही, पुढचं नाही. संध्याकाळपर्यंत ते नानांपर्यंत गेलं. देवीचा अपमान झाला म्हणे.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमच्यात कानबाई बसते का? नाही ना? मग कशाला? आणि राष्ट्रवाद यापुढे मीच घेत जाईन. तुम्ही समाजसुधारणा घ्या. ते तुमचं घरचं आहे."

घरचं! मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणजे देशाचा विषय त्यांच्या घरचा, आणि माझ्या घरी फक्त सुधारणा. ज्या बाईंबरोबर मी रोज डबा खाते त्या पेपर तपासत राहिल्या. नंतर जिन्यात भेटून म्हणाल्या, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" त्यांना माझी काळजी होती, हे मला कळतं. पण मला काळजी नको होती. तिथे, खोलीत, एक शब्द हवा होता.

नानांनी आणि सरांनी ठरवलं ते असं: मी रविवारी नानांच्या घरी देवीपुढे नारळ ठेवायचा, आणि मंगळवारी वर्गात चुकलं म्हणून सांगायचं. विषय संपला. आमच्या घरात नारळ ठेवत नाहीत. आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठेव बेटा. नोकरी शे." माझ्या आईने आयुष्यभर लोकांची अंगणं सारवली. मी त्यातून सुटावी म्हणून सारवली. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मी खोलीत एकटीच रडले. अमळनेरला माझं दुसरं होतंच कोण?

तर मी ओट्यावर उभी होते. सर आत बसले होते. थोड्या वेळाने अक्का बाहेर आल्या. हातात पानावर एक पुरी. पान ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई रोटनी नई शे हां. येगळी करेल शे. खा, बाई."

चिडून नाही म्हणाल्या. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून म्हणाल्या. शिवी दिली असती तर उलटून बोलले असते. मी पान तसंच ठेवून निघाले. स्टँडपर्यंत चालत गेले. भूक लागली होती, आणि त्या भुकेची मला स्वतःचीच चीड येत होती.

मंगळवारी विभागप्रमुख वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. माफी ऐकायला. मुलांनाही माहीत होतं. कोणी वर बघेना. खिडकीजवळचा तो मुलगा आलाच नव्हता.

मी म्हणाले, "मागच्या तासाला तुम्ही विचारलं होतं, तो राष्ट्रवाद खरा की खोटा. माझं उत्तर अर्धं राहिलं. रविवारी मी एका घरी नारळ घेऊन गेले. नारळ आत गेला, मला ओट्यावर थांबवलं. कानबाईने थांबवलं नाही. देवी आत होती, तिला मला भेटताच आलं नाही. माणसांनी थांबवलं. विलायतेच्या त्या पंतप्रधानानेही हेच केलं. आपले सैनिक चालले, आपलं धान्य चाललं, आपण चाललो नाही. लिहून घ्या. ज्या राष्ट्राला तुमचा हात लागतो आणि तुम्ही लागत नाही, ते राष्ट्र अजून व्हायचं आहे."

कोणी लिहिलं, कोणी नाही. मी बघितलं नाही.

सर उभे राहिले. "मॅडम, तास संपला."

"नाही सर. घंटा व्हायची आहे."

पहिल्यांदाच मी त्यांना नाही म्हटलं. टेबल धरून उभी राहिले आणि घंटा होईपर्यंत शिकवलं. सर गेले. मुलं बसून राहिली. तास संपल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेली. रोज 'येते मॅडम' म्हणणारी मुलगी खाली मान घालून बाहेर पडली. नानांच्या भाऊकीतली होती. मी कोणाला दोष देत नाही. पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवसापासून माझे तास बंद झाले. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आईला सांगितलं तेव्हा तिने फोन ठेवला. अजून नीट बोलत नाही. माझं चुकलं असं तिला वाटतं, आणि ते तिला का वाटतं हे मला माहीत आहे. म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

परवा धुळ्याला एका कॉलेजात मुलाखत झाली. समितीवरचे एक वयस्कर गृहस्थ माझ्या अर्जावरून नजर न काढता म्हणाले, "तिकडची हकिगत कानावर आली आहे. दहा मिनिटं शिकवून दाखवा. विषय तुमचा. पण ते महायुद्ध वगैरे सोडून."

मी खडू उचलला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुसरे महायुद्ध. राष्ट्र कोणाचे?

"दुसरा विषय नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "पण हा अर्धा ठेवून दुसरा घेणार नाही."

नोकरी त्यांच्या हातात आहे. ती त्यांनी द्यावी, न द्यावी. विषय माझा आहे. तो मी विचारून शिकवणार नाही.