उजव्या वळणावरचा आवाज

अमेरिकेत चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत मी आठ वर्षं बिघाड शोधण्याच्या खात्यात आहे. खराब चिप आली की ती कुणाच्या हातून बिघडली हे शोधायचं, आणि "आमच्याकडून तर नीटच गेली होती" म्हणणाऱ्यावर मुळीच विश्वास ठेवायचा नाही, हे माझं काम. ते घरीही सुटत नाही. बायको म्हणते, चहात साखर कमी पडली तर तू आधी संशयित ठरवतोस आणि मग साखर घालतोस. खोटं नाही.

त्यामुळे गेल्या जानेवारीत पिकअप उजवीकडे वळवताना गडगड आणि मग टक असा आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा हा आवाज कशाचा, असं माझ्या मनात आलंच नाही. काकांना हे माहीत होतं का, असं आलं.

पिकअप मी थोड्याच दिवसांपूर्वी काकांकडून घेतली होती. काका नात्याचे नव्हेत, पण मी इथं नोकरीला आलो तेव्हा पहिले दोन आठवडे त्यांच्याकडे राहिलो होतो आणि उजव्या बाजूनं गाडी चालवायला त्यांनीच मला शिकवलं, तेही याच पिकअपवर. बारा वर्षं मंडळाच्या गणपतीचं मखर तिच्यातूनच जायचं. काकू गेल्यावर काका एकटे राहत होते. त्यांची मुलगी, इथंच जन्मलेली, दातांची डॉक्टर, जवळच राहते. काकांना ऐकू कमी येतं, त्यांनी ड्रायव्हिंग बंद करावं, असा तिचा धोशा होता. काका म्हणायचे, माझे कान ठणठणीत आहेत. शेवटी तह झाला: पिकअप विकायची, छोटी गाडी ठेवायची, आणि कानात खरंच दोष निघाला तर तिचीही चावी लेकीला द्यायची. कान तपासून घ्यायला मात्र काका तयार नव्हते. मला मागच्या अंगणात आंब्याची कलमं लावायची होती, माती आणायची होती, म्हणून पिकअप मी घेतली.

आवाजाची मी रीतसर वही केली. डावीकडे वळलं की नाही. सरळ रस्त्यावर नाही. जोरात ब्रेक मारला तर नुसतं टक. एसी लावला तर ऐकू येत नाही. मेकॅनिकनं गाडी वर चढवून पुढच्या चाकाजवळचा एक सांधा सैल आहे म्हणून बदलला. गॅरेजमधून बाहेर पडून पहिलं उजवं वळण घेतलं, गडगड, टक. मेकॅनिकवरही माझा संशय बसला, पण तो माणूस परका होता. काकांवरचा संशय जास्त झोंबत होता.

कारण मला एकेक गोष्ट आठवायला लागली. गाडी दाखवायला नेलं तेव्हा काकांनी रेडिओ केवढा मोठा लावला होता! बोलणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. का लावला असेल? एसीही फुल ठेवला होता, तोही डिसेंबरात. कुठंतरी पाणी मुरतंय, याची माझी खात्री झाली. ज्या माणसानं मला या देशात गाडी चालवायला शिकवलं, त्यानं मला फसवलं, या विचारानं मला खरंच वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही येत होती. पुरावे जुळत होते ना.

एका शनिवारी मी काकांना पिकअपमध्ये बसवलं आणि एकाच ब्लॉकला तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा आवाज स्वच्छ आला.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"काय?"

"हा आवाज."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कसला आवाज? काही नाही रे. उगाच डोकं चालवतोस तू."

"काका, बारा वर्षं तुम्ही ही गाडी ड्राइव्ह केलीत. तुम्हाला ऐकू येत नाहीये, की ऐकायचं नाहीये?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोर सापडला.

"तुला डील कॅन्सल करायचं असेल तर सरळ सांग," ते म्हणाले. "नसलेले आवाज कशाला काढतोस? मी असं वागलो असतो का तुझ्याशी?"

घरी सोडलं तर त्यांनी चहाला आत बोलावलं नाही. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना तिळगूळ दिला, मलाही दिला, आणि माझ्याकडे न बघता पुढं गेले. तीन आठवडे आमचं बोलणं बंद होतं.

आई नाताळात आमच्याकडे होती, नव्या वर्षात सांगलीला परत गेली. दर रविवारी फोनवर मी तिला आवाजाची कहाणी सांगायचो आणि काकांचा उद्धार करायचो. ती विषय बदलायची. एका रविवारी मी म्हणालो, आता मंडळातल्या सगळ्यांनाच सांगतो यांनी काय केलं ते. या वेळी आईनं विषय बदलला नाही. ती म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. माझा गणपती हरवलाय त्या गाडीत."

मला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. गाडी घरी आणली त्या दिवशी तिनं ड्राइव्हवेवर पूजा केली होती. गणपती म्हणून सुपारी मांडली, पण बॉनेट उतरतं, सुपारी राहीना, म्हणून तिनं ती आत डॅशबोर्डवर पेपर नॅपकिनवर ठेवली. मग मी चाकाखालच्या लिंबांवरून गाडी पुढं घेतली आणि ती "थांब, थांब" ओरडली म्हणून करकचून ब्रेक मारला. बाकीचं आवरताना सुपारी सापडली नाही. नव्या गाडीच्या पहिल्याच दिवशी गणपती हरवला, हे तोंडानं बोलायचं नाही म्हणून तिनं गुपचूप डब्यातली दुसरी सुपारी ठेवली आणि नमस्कार केला.

"आणि इतके दिवस तू गप्प बसलीस?"

"तू रोज त्या गाडीनं ऑफिसला जातोस. तुझ्या मनात कशाला काही घालू?"

फोन ठेवून मी टॉर्च घेऊन पिकअपमध्ये गेलो. डॅशबोर्डवर काचेखाली हवा येते त्या जाळीची एक पट्टी तुटलेली होती, ती मी वहीत कुठंही लिहिली नव्हती. व्हॅक्यूमच्या नळीला बायकोचा जुना पायमोजा बांधून आत घातली. पाच मिनिटांत सुपारी बाहेर आली. तिच्यावर कुंकू तसंच होतं.

मी तसाच काकांकडे गेलो. मुलगी आलेली होती, दोघं जेवून उठले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काकांची माफी मागितली, वाकून नमस्कारसुद्धा केला. सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. काका निर्दोष ठरले होते, म्हणून ते हसतील, पाठीत एक धपाटा घालतील, अशी माझी कल्पना होती.

ते सुपारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आवाज होता."

"डॅड," मुलगी हळूच म्हणाली, "यू टोल्ड मी ही वॉज मेकिंग इट अप."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठा रेडिओ, फुल एसी, खिडकीबाहेर बघणं. माझ्या वहीतला एकेक पुरावा बरोबर होता, आरोप तेवढा चुकला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चल," काका उठले. "पुन्हा टाक ती आत."

मी नको म्हणालो, मुलगीही नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हातानं त्यांनी सुपारी तुटलेल्या जाळीतून आत सोडली आणि माझ्या शेजारी बसले, मुलगी मागं. एसी बंद, रेडिओ बंद. काकांनी डोळे मिटले आणि कान जाळीजवळ नेला. मी उजवीकडे वळलो. आरशात मुलीनं माझ्याकडे पाहिलं, तिला ऐकू आलं होतं.

"वाजली?" काकांनी विचारलं.

त्यांनी हा आवाज कबूल करावा म्हणून मी महिनाभर जंग जंग पछाडलं होतं.

"वाजली," मी म्हणालो.

"कशी वाजते?"

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन आवाज काढून दाखवला. गडगडगड, टक.

"एवढी मोठ्यानं?"

"छे, छे. अगदी बारीक काका. मलाही मुश्किलीनं ऐकू येते."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, मी रोज लोकांकडे बघतो तसं. मग खिशातून छोट्या गाडीची चावी काढली आणि मागं न बघता मुलीच्या हातात दिली.