दाजींच्या मोटारीतला दुसरा आवाज

गड्यांनो, जीव थाऱ्यावर न्हाय, म्हून लिवतोय.

आमच्या दाजींनी जागीरदाराची वापरलेली शर्यतीची मोटार घेतली. आज तिच्या इंजनातनं टकटक यायला लागली. दाजी म्हणले, "मेव्हणं, गिरणीचं इंजन सांभाळता न्हवं? लावा कान!"

मोटारीला घातलेल्या पूजेच्या माळंतली एक कवडी आत पडून इंजनाच्या पंख्याच्या पात्याला लागत व्हती. म्या ती काढली.

"बघा, शाळा सोडल्याचं सार्थक झालं!" दाजी म्हणले, तसे सगळेच हसले.

तवाच इंजनात खोलवर दुसरा, जड ठोका ऐकू आला. गिरणीचं इंजन मोडलं, त्याआदी असंच वाजत व्हतं. पण सगळ्यांपुढं माझं तोंड उघडलं न्हाय. अक्काला शेजारी बसवून दाजी तुळजापूरच्या घाटाकडं गेले.

दुपार कलली. आता तोच ठोका ऐकू यावा म्हून रस्त्याकडं कान लावून बसलोय. तुमी बोलला असता का?