सात मिनिटांची खोली

मालवणातली खोली कचेरीपासून सात मिनिटांवर होती. घड्याळ लावून चालले होते, म्हणून छातीठोक सांगते. आचऱ्याचं घर एसटीने सव्वा तासावर, आणि वर स्टँडपासून माडांतून दहा मिनिटं पायी. पण मालवणच्या खोलीचं भाडं माझा निम्मा पगार खाणार होतं, आणि खोली तरी कसली? मोठ्या घराच्या पाठीमागे काढलेली एक कोंदट बोळकांडी. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय पोळपाट दिसायचा नाही. आचऱ्याला त्याच्या पाव भाड्यात दोन खोल्या, पडवी, दारात विहीर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. जिल्हा नवा होता, बदलून येणारे नोकरदार वाढले होते आणि मालवणातले घरमालक बोलायलाच तयार नसत. परवडत असेल तर घ्या, नाहीतर वाट धरा.

मी मूळची कोल्हापूरकडची. लग्न झालं खारेपाटणला, नवरा तिथल्या शाळेत मास्तर. मला नोकरी लागली मालवणला, सरकारी कचेरीत कारकुनाची. खारेपाटणहून रोज ये-जा करणं शक्यच नव्हतं. सासूबाईंना गुरं आणि शेती सोडून येता येत नव्हतं. म्हणून ठरलं की मी बिऱ्हाड करायचं आणि नवऱ्याने शनिवारी यायचं, सोमवारी पहिल्या गाडीने जायचं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण माझा मुलगा पाच महिन्यांचा होता, अंगावर पिणारा, आणि माझी रजा संपत आली होती. त्याला कोण सांभाळणार? याचं उत्तर मिळालं नसतं तर मला राजीनामा द्यावा लागला असता. मी किती हट्टाने परीक्षा देऊन ती नोकरी मिळवली होती ते माझं मला माहीत.

नवऱ्याने आपली मास्तरकी दाखवत कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे मालवण, दुसरीकडे आचरा. खाली जाण्याचा वेळ, येण्याचा वेळ, पाणी, उजेड. मी म्हटलं, "अहो, यात मुलगा कुठल्या रकान्यात घालणार?"

आचऱ्याचं घर बघायला गेलो तेव्हा हे चिरंजीव असे रडत होते की घरमालकिणीचं बोलणंही ऐकू येईना. ती पन्नाशीची, काळीसावळी, कमरेला पदर खोचलेली बाई. आजूबाजूचे सगळे तिला काकी म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. दोन मुलगे मुंबईला, नवरा वारलेला. तिने न विचारता मुलाला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पडवीत येरझारा घालू लागली. पाच मिनिटांत तो झोपला. मग हळू आवाजात म्हणाली, "तू नोकरी कर गो. झिलाक माझ्याकडे ठेव. माका तरी काय काम आसा?"

झालं! रकाने राहिले कागदावर. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सामान हलवलं.

आता कुणाला वाटेल की पुढे सगळं गोडीगुलाबीने झालं. छे! तो सव्वा तास माझ्या जिवावर यायचा. सकाळी साडेआठची गाडी, ती आली तर नऊला. संध्याकाळी साडेपाचची, तिला पाय ठेवायला जागा नसायची. टोपल्या, पोती, कोंबड्या, आणि मधे मी दांडीला लटकलेली. पण खरा त्रास तो नव्हता. दुपारपासून छाती भरून यायची, दगडासारखी ठणकायची. गाडीत कुणाचंही लेकरू रडलं की माझं दूध वाहायला लागायचं. ब्लाऊज भिजायचा, पदर दोनदा गुंडाळून घ्यायचा, आणि शेजारचा माणूस बघतोय की काय या शरमेने मान खाली घालून उभं राहायचं. घरी पोचल्यावर मी चपलासुद्धा काढायची नाही, आधी मुलाला घ्यायची. काकी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवायची आणि आत जायची. दिवसभर ती त्याला म्हशीचं दूध पाणी घालून, उकळून, चमच्याने पाजायची. त्याला ते फारसं आवडत नसे, हे ती मला सांगायची नाही. मला ते शेजारणीकडून कळलं होतं.

दोन महिने असे गेले. मग एके दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "बाई, ती सात मिनिटांची खोली अजून रिकामी आहे. मालक माझे साडू. भाडं बरंच उतरवायला तयार आहेत. समोरच्या घरातली एक बाई मुलं सांभाळते. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मुलाला पाजून येता येईल." मी विचार करते म्हटलं. मन मात्र केव्हाच सामान बांधायला लागलं होतं. फक्त काकीला काय सांगायचं, तिथे पाऊल अडत होतं.

आणि त्याच गुरुवारी ते घडलं. गाडी कधी नव्हे ती वेळेआधी पोचली. मी मागच्या वाटेने येत होते. काकी गडग्याशी, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाशी, उभी राहून पलीकडच्या शेजारणीशी बोलत होती. मी माडाआड होते, तिला दिसले नाही.

"तो आताच निजलो," काकी माझ्या मुलाबद्दल सांगत होती. मग म्हशीचा विषय निघाला, "ती आज दूध देवक नाय." आणि मग म्हणाली, "ता अजून येवक नाय. ता तोंडान फटकळ आसा गो, काय सांगूचा..."

ता म्हणजे मी. दुसरं कोण होतं तिथे फटकळ?

माझं डोकंच फिरलं. 'ता' म्हणजे आपलं 'ते', आणि आमच्याकडे माणसाला 'ते' म्हटलं की पुढे 'येडं' नाहीतर 'बेनं' यायचंच. ते येडं आलं, ते बेनं गेलं. माझा मुलगा 'तो', गोठ्यातली म्हैस 'ती', आणि मी, महिन्याच्या एक तारखेला भाडं हातावर ठेवणारी, सरकारी नोकरीतली बाई, मी 'ता'! म्हणजे म्हशीपेक्षाही खाली! पुढे ती काय बोलली ते मी ऐकलंच नाही. पाय आपटत पुढच्या दाराने घरात गेले. तिने पाणी आणून ठेवलं, ते मी घेतलं नाही. ती म्हणाली, "दमलंस काय गो?" मी म्हटलं, "नाही."

मी तापट आहे, तेव्हा तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचल्या पोचल्या भाऊसाहेबांना सांगून टाकलं, "खोली घेते. एक तारखेपासून." ते खूश झाले. म्हणाले, दुसरं एक बिऱ्हाड विचारत होतं, त्यांना आजच नाही सांगतो.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी काकी अंगणात काथ्या पिळत बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. खरं कारण सांगायला जीभ वळेना, म्हणून दुसरं सांगितलं, तेही काही खोटं नव्हतं. "काकी, गाडीत दूध वाहून जातं. कपडे भिजतात. फार लाज वाटते. एक तारखेपासून मालवणात खोली घेते. तिथे समोरची एक बाई मुलं सांभाळते, मला दुपारी घरी येऊन पाजता येईल." तिचे हात थांबले. भांडेल, निदान दोन शब्द सुनावेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुका बरा पडात तसा कर." आणि पुन्हा काथ्या पिळायला लागली.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याच्यापुढे सगळं ओकून टाकलं. 'तो' काय, 'ती' काय आणि 'ता' काय. तो आधी ऐकत होता, मग हसायलाच लागला. मला इतका संताप आला की मी हातातली पळी आपटली.

"अगं, माझी आई तुला काय म्हणते?" त्याने विचारलं.

"काय म्हणते म्हणजे?"

"तुझ्याबद्दल बोलताना गं. आठव."

मी आठवलं. 'ती खंय गेली?' 'ती जेवली काय?' सासूबाई मला 'ती'च म्हणायच्या.

"आणि माझ्या बहिणीला?"

आता मात्र मी अडकले. सासूबाई नणंदेला 'ता' म्हणायच्या. 'ता येतला', 'ता माहेरा इला'. दोन वर्षं मी ऐकत आले होते आणि मला वाटायचं की हे 'ताई'चं लाडकं, अर्धं नाव आहे! मी स्वतःसुद्धा एकदोनदा कौतुकाने तिला "काय गं ता" म्हणून हाक मारली होती, आणि सगळं घर का हसलं ते मला कळलं नव्हतं.

"आमच्याकडे सून ती 'ती'," नवरा म्हणाला. "'ता' म्हणजे घरातलं चेडू. लेक. परक्या बाईला कुणी 'ता' म्हणत नाही."

मी चुलीपुढे बसून राहिले. दोन महिने त्या बाईने मला पोटच्या मुलीच्या जागी धरलं होतं आणि मी तिने दिलेलं पाणी परत लोटलं होतं. मला इतकी लाज वाटली की रविवारभर मी तिच्यासमोर उभी राहू शकले नाही. तीही देवळात गेली, मग कुणाकडे तरी बारशाला गेली. तिकडे भाऊसाहेबांनी माझ्या शब्दावर दुसऱ्या बिऱ्हाडाला नाही सांगितलं होतं. दिलेला शब्द मोडायचा कसा, आणि मोडला तर काकीला कुठल्या तोंडाने सांगायचं की मी तुमच्यावर का रागावले होते? सोमवारी सकाळी तिने नेहमीसारखं मुलाला घेतलं. मी नेहमीसारखी गाडीला पळाले. बोलणं तसंच राहिलं.

दुपारी एकच्या सुमाराला शिपाई टेबलाशी आला. "बाय, तुमची आवस इली हा."

आवस म्हणजे आई, एवढं मला कळत होतं. पण माझी आई कोल्हापूरकडे, तिला गुडघ्यांमुळे अंगण ओलांडवत नव्हतं. काहीतरी वाईट झालं असणार या धास्तीने मी धावतच बाहेर गेले.

व्हरांड्यात काकी उभी होती. ठेवणीतलं लुगडं, खांद्याला पिशवी, काखेत छत्री, आणि शालीत गुंडाळलेला माझा मुलगा. तिचा चेहरा घामाने डबडबला होता. तिच्याच तोंडून मी कधीतरी ऐकलं होतं की गाडीत तिला मळमळतं, म्हणून ती वर्षवर्ष मालवणला येत नाही.

"काकी! काय झालं? बरा आहे ना तो?"

"त्याका काय धाड भरली हा?" ती म्हणाली. "तूच म्हणालंस मां, दूध फुकट जाता म्हणान. म्हटलंय, तू येवक शकणस नाय तर त्याकाच हाडूया. घे, भुकेलो हा."

रेकॉर्डच्या खोलीत, धूळ खाल्लेल्या गाठोड्यांमध्ये, एका मोडक्या स्टुलावर बसून मी मुलाला घेतलं. तो असा हपापून प्यायला की मधेच श्वास घ्यायला थांबायचा आणि पुन्हा तुटून पडायचा. काकी दाराशी पाठ करून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत राहिली. मी रडत होते. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला होता, पण तिला कळलंच असणार.

"एक तारखेपर्यंत मी येत जायन, एक दिसाआड," ती वळून न बघता म्हणाली. "मगे तू हय रवतलंस, तेव्हा तुझा तू बघ. फक्त त्या समोरच्या बायलेक सांग, त्याका पाठ थोपटल्याशिवाय नीज येणा नाय. आणि डाव्या कुशीर निजव नको, रडता."

म्हणजे मला अडवायला ती आलीच नव्हती. मी जाणार हे धरूनच, तोवरचे पंधरा दिवस मुलाचं दूध वाया जाऊ नये म्हणून, अडीच तासांचा प्रवास तिने आपल्या अंगावर घेतला होता.

मी मुलाला तिच्याकडे दिलं आणि आत जाऊन भाऊसाहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, "माफ करा, मला खोली नको. तुमच्या साडूंची मी उद्या येऊन पाया पडून माफी मागते, पण खोली नको." ते बघतच राहिले. "अहो बाई, सात मिनिटं कुठे आणि सव्वा तास कुठे!" मी म्हटलं, "हो, माहीत आहे." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आचऱ्याच्या त्या घरात आम्ही पुढे चार वर्षं राहिलो. आज माझं पेन्शन येतं, मुलगा स्वतःच्या पायावर उभा आहे, आणि यातलं काहीही त्या बाईशिवाय झालं नसतं. तिचे उपकार मी फेडले नाहीत, फेडता येण्यासारखे ते नव्हतेच.

त्या दिवशी दोनच्या गाडीत मी तिला बसवलं. मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "काकी, मी खोली नाही घेत. नाही सांगून आले."

तिने पदराने मुलाच्या कपाळावरचा घाम टिपला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरा केलंस. साडेपाचच्या गाडयेत बसान ये गो, उभ्यान येव नको."