नळाजवळची चाळलेली माती

"अवं सर, शिट्टी ऱ्हाऊ द्या! पोरगी पडली ना तिकडं!"

"पडतात मावशी पळताना. तुम्ही खिचडीकडं बघा, खाली लागंल."

"लागू द्या. पडलेलं लेकरू उठतं. ही उठंना, दिसंना का तुमाला?"

हातातलं उलथनं तसंच धरून लीलाबाई चुलीपुढनं उठली आणि मैदानात पळाली. पिशोरपासून दोन कोसांवरच्या वस्तीची ही शाळा. पहिली ते पाचवी, पोरं बासष्ट. लीलाबाई तिथं बारा वर्षांपासून खिचडी शिजवती. त्या दिवशी इंद्रजीत सर पोरांची ताकद मोजत होते. कोण किती पळतं, किती उठाबशा काढतं, ते कागदावर लिहून वर पाठवायचं होतं. मैदानाला चार फेऱ्या. दुसऱ्या फेरीतच निम्मी पोरं कंबर धरून उभी राहिली आणि तिसरीत वहिदाची मंतशा तोंडावर आपटली.

गेल्या साली हीच पोरगी चपला हातात घेऊन पळाली होती आणि पाचवीच्या पोरांना तिनं मागं टाकलं होतं. आता ती उन्हात कोंबडी धापावी तशी धापत होती. ओठ पांढरेफटक. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं.

"काय खाल्लं गं सकाळी?"

"च्या."

"आन काल?"

"तुमची खिचडी, मावशी."

पोरगी खरं तेच बोलली. पण लीलाबाईला तो आळच वाटला.

त्याला कारण होतं. बारा सालांमागं बचत गटातनं तिचं नाव निघालं, तेव्हा बौद्धवाड्यातली बाई शिजवणार म्हणून निम्म्या घरांनी पोरांना डबे बांधून दिले. मनकर्णाबाई तर शाळेत आली आणि चार माणसांदेखत नातीपुढची ताटली उचलून तिनं कुत्र्यापुढं ओतली.  लीलाबाईनं नखं मांसापर्यंत कापली. तांदूळ तीन पाण्यांनी धुतला. पातेली अशी घासली की पोरं त्यात तोंड बघून भांग पाडायची. दीडेक महिन्यात फोडणीच्या वासानं एकेक डबा बंद झाला. मनकर्णाबाईचा धाकटा नातू शिवम आता दोनदा वाढून घेतो. पण लीलाबाईच्या मनातलं भ्या काही गेलं नाही. एखादं पोर नुसतं शिंकलं तरी ती आधी आपल्या हातांकडं बघायची.

त्या भ्यापायीच तिनं नळाजवळ माती आणून ठेवली होती. साबणाची वडी पोरं दोन दिवसांत विरघळवून टाकतात म्हणून सरांनी साबण कपाटात ठेवलेला, तपासणीला कुणी आलं की बाहेर निघायचा. लीलाबाईच्या माहेरी सगळं घर मातीनंच हात धुवायचं. ती दर रविवारी भर दुपारी नाल्यावर जायची, मऊ काळी माती टोपल्यात भरायची, चाळणीनं चाळायची आणि नळापाशी ढीग करायची. जेवायच्या आधी पोरं रांगेनं चिमूट चिमूट घ्यायची. ही कमरेवर हात ठेवून उभी. "चोळ! बोटांच्या बेचकीत चोळ! नुसता पाण्याचा हात दावू नको मला!"

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातली सरिता सिस्टर जंताच्या गोळ्या घेऊन आली. खिचडी खाऊन झाल्यावर एकेकाच्या हातावर एकेक गोळी. "चावून खा. गिळू नका रे, चॉकलेट समजा." पोरांनी तोंडं वाकडी करून खाल्ल्या.

तीनच्या सुमाराला मंतशा वर्गाच्या दारात ओकली. ओकली त्यात वीतभर लांब, गुलाबी, दोरीसारखं काहीतरी पडलं आणि ते वळवळायला लागलं.

"साप! मंतशाच्या तोंडातनं साप!"

पोरं भिंती चढायच्या बेतात. अर्ध्या तासात निम्मी वस्ती शाळेच्या आवारात.

"गोळीनं झालं हे."

"गोळीनं कसं? खिचडीतलंच हाय. तांदूळ बगा कसला येतो, आळ्याच आळ्या."

"तांदळाचं काय घेऊन बसले?" मनकर्णाबाई पदर खोचत म्हणाली. "शिजवणारे हात बगा की. म्या बारा सालांमागंच बोलले होते. तवा मीच वाईट ठरले."

वहिदा लेकीला छातीशी धरून बसली होती. लीलाबाईनं हात पदराआड घेतले. तिला वाटलं, आता कुणीतरी आपले हात धरून उलटेपालटे करून बघणार.

सिस्टरनं काडीनं तो जंत उचलून बाटलीत टाकला. "आत होता तवा भ्यायचं होतं. आता काय, बाहेर पडला. पोरीचं खाल्लेलं हाच खाऊन बसतो. मग पळताना दम कुठनं राहील? काल निम्मी पोरं मैदानात बसली ती कामून?"

"पर आला कुठनं तो?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"खिचडीतनं नाय. रटरट उकळलेल्या खिचडीत ह्याचं अंडं जगत नाय. अंडी असतात मातीत. लोक परसाकडं बसतात तिथल्या मातीत. डोळ्यांना दिसत नाय. ती माती नखात जाती आन नखातनं तोंडात." एवढं बोलून सिस्टर पोरांकडं वळली. "हात कशानं धुता रे?"

"साबणानं!" पोरांच्या आधी लीलाबाईच ओरडली. "साबणानंच धुतात." आणि ती दोन पावलं अशी सरकली की मातीचा ढीग तिच्या लुगड्याआड गेला.

बासष्ट पोरं गप. मावशीनं सांगितलं ते ऐकायची त्यांना सवय. सरांनी कपाटाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या, पण स्वतः ताट घेतलं नाही. नवरा बन्सी शेळ्या बांधून जेवायला बसला.

"नाल्यावर माती कुठनं आणायचीस गं?"

"त्या हागणदारीमुक्तच्या पाटीच्या खालनं. गाळ असतो तिथं, मऊ."

बन्सीनं हातातली भाकर ताटात ठेवली. "पाटीच्या वर तर सारे गडी बसतात."

लीलाबाईला हे ठाऊकच नव्हतं. बाया जातात नाल्याच्या अल्याड, बाभळींच्या आड. गड्यांची बाजू पल्याडची. तिकडं पहाटे आणि अंधार पडल्यावर कोण बसतं, हे बाईमाणसानं बघायचं नसतं, विचारायचंही नसतं. वर बसतात ते पावसात वाहून खाली येतं, आणि खाली ती टोपलं भरत होती. मऊ कशानं होती, काळी कशानं होती, ते आता कळलं. ती उठली आणि गोठ्यामागं जाऊन ओकली.

"गप बस," बन्सी म्हणाला. "कुणाला ठावं नाय. सकाळी जाऊन ढीग उचल अन दे फेकून. पोरं विसरतात. तू तोंड उघडलं, की मनकर्णाबाई सारं गाव गोळा करंल."

तिलाही तेच पटलं. सकाळी शाळेत जायच्या आधी ती वहिदाच्या घराकडनं गेली, ती फक्त पोरगी जिती हाय का, हे बघायला.

"आ बैठ," वहिदा चुलीपुढनं म्हणाली. "कल रात को और दो निकले. तोबा तोबा! लेकिन देख, सुबह से दुसरी रोटी है इसकी."

मंतशा खरंच खात होती. खाऊन उठली, अंगणाच्या कडंला गेली, कुडाच्या बुडातली चिमूटभर माती घेतली आणि हात चोळायला लागली. तळहात चोळले, मागून चोळले, बोटं फाकवून चोळली.

"मावशी, बगा, बेचकीत बी चोळलं!"

काल तो जंत बघून लीलाबाई भ्याली नव्हती एवढी आता भ्याली. ढीग फेकला तरी काय उपयोग? बासष्ट पोरांच्या अंगणांत तिनं शिकवलेलं चाललं होतं.

"वहिदा, माती माही होती," ती म्हणाली आणि नाल्यापासनं साबणाच्या थापेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

वहिदानं तव्यावरची रोटी उलटली. "मेरेकू कायकू बोली? नै बोलती तो कौन पूछता था?"

"ती बग ना काय करू ऱ्हायली."

वहिदानं मागं बघितलं. मग ती उठली, पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि तिला साबणाकडं ओढलं. लीलाबाईकडं न बघता म्हणाली, "मेरेकू बोली ना? अब वहाँ बी बोल. सबके सामने."

शाळेच्या फाटकाशी माणसं जमलेलीच होती. प्रार्थना झाली. लीलाबाई पुढं आली आणि पदराच्या टोकाला गाठी मारत, सोडत, तिनं सगळं सांगितलं.  "पोरांनो, म्या शिकवलं ते चुकीचं. मातीनं हात धुवायचे नाय. घरी बी नाय."

"म्हणलं नव्हतं म्या?" मनकर्णाबाई लगेच उसळली. "ह्या हातांनीच घात केला!"

"माती आणली ते हात माहेच, मनकर्णाबाई. पर मातीत घाण कुणाची, ते बी इचारा की. पाटीच्या वर माह्या घरचा एकटा नाय बसत. तुमचे बी दोघं येतात म्हनं."

कुणीतरी खोकला. गड्यांच्या घोळक्यात दोघंतिघं चपला चाचपत मागं सरकले.  मनकर्णाबाईनं शिवमचं दप्तर खांद्यावर टाकलं, त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत घराकडं नेलं. शिवम मागं वळून चुलीकडं बघत गेला. तिच्यामागं आणखी पाचसहा जणी आपापली पोरं घेऊन निघाल्या.

लीलाबाईनं ढीग टोपल्यात भरला आणि शाळेमागच्या खड्ड्यात पुरला. सरांनी कपाट उघडून साबणाच्या चार वड्या तिच्या हातात दिल्या. कांद्याच्या फाटक्या जाळीत एक वडी घालून तिनं नळाला गाठ मारली, आणि कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.

"सर, किती पोरांचा तांदूळ टाकू?"

सरांनी फाटकाकडं बघितलं. "काय सांगू मावशी? दुपारपर्यंत कोण येतं..."

 तिनं माप घेऊन तांदूळ मोजायला सुरुवात केली आणि बासष्ट पोरांचा झाला तेव्हाच थांबली. मग चुलीत काटक्या सारल्या आणि पहिलं पाणी ओतून तांदूळ धुवायला बसली.